रविवारी या

"मावशी, आज गुरुवार. आज नाही घेत आम्ही. रविवारी ये."

मावशी म्हणजे मी. वय बावीस. अंगात नवा मोरपंखी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, हातात जिवंत चिंबोऱ्यांची, खाडीच्या खेकड्यांची पिशवी. दार शांती नगरमधल्या तिसऱ्या मजल्यावरचं. जाळीआड उभी होती ती मंदारची आई. आणि मंदार म्हणजे ज्याच्यावर माझा जीव जडला होता, तो.

ऑफिसात मी 'आहे' म्हणायचे, 'नाही' म्हणायचे, अगदी तोलूनमापून. त्या दारात मात्र घरची बोली निसटली. "हाय का—" एवढंच बाहेर पडलं. मंदारचं नाव घ्यायच्या आत त्या बोलल्या. त्यांनी पिशवी पाहिली, 'हाय' ऐकलं आणि ओळखलं मी कोण ते. माझ्या तोंडाकडं बघायची गरजच पडली नाही. म्हावरं विकणारी मावशी, भांडी घासणारी मावशी, लादी पुसणारी मावशी. आईच्या बहिणीचं नाव किती स्वस्त करून टाकलंय आपण.

मग त्यांच्या मागं मंदार आला. खांद्यावर टॉवेल, केस ओले. त्यानं मला पाहिलं. मला वाटलं, सुटले. आता हा हसेल, म्हणेल, अगं आई, हीच ती. त्यानं आईकडं पाहिलं. पिशवीकडं पाहिलं. आणि मला म्हणाला, "रविवारी या तुम्ही."

या. तुम्ही.

एरवी मला येडे म्हणायचा, ऐक ना म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला अहो-जाहो केलं. इतका मान देऊन माणसाला हाकलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. दार लागलं.

आम्ही मिरा रोडजवळच्या गोडदेव गावचे. आता बिल्डिंगींच्या मधे आमची घरं शोधावी लागतात. आजा मिठागरावर राबला, बाप राबला, आई तेव्हा खाडीचं म्हावरं घेऊन बाजारात बसायची. घरातली पहिली पदवीधर मी. मिरा रोडला एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात लागले. तिथं मंदार समोरच्या टेबलावर. त्याच्या घरचे मुंबई सोडून इकडं आले त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचं 'आम्ही मूळचे दादरचे' काही सुटलं नव्हतं.

एसेमेस सुरू झाले. मग दोन मिस्ड कॉल म्हणजे खाली ये, बाइक काढतोय. मी तोंडाला ओढणी बांधून मागं बसायचे आणि आम्ही उत्तनच्या बाजूला जायचो. सगळ्याच पोरी ओढणी बांधायच्या. ऊन लागतं म्हणायच्या, ऊन उतरलं तरी सोडायच्या नाहीत. तो माझी बोली सुधारायचा. "'न्हाय' नाही गं, 'नाही' म्हण." मी लाजायचे. मला वाटायचं, घरी न्यायची तयारी करून घेतोय.

एकदा धीर करून विचारलं, "आपलं हे नक्की काय आहे? मी तुझी कोण?"

"नाव कशाला द्यायचं?" तो म्हणाला. "नाव दिलं की सगळं बोअर होतं. आपण मॉडर्न आहोत ना यार."

मॉडर्न व्हायची मला कोण हौस! त्याच्या घरी त्याचं नाव होतं, माझ्या घरी माझं. बाइकवर तेवढे आम्ही बिननावाचे. आणि मला त्यात सुख वाटत होतं. वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग त्याचा वाढदिवस आला. संध्याकाळी ऑफिसातले सगळे जाणार होते. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू सकाळी ये. गर्दी नसते. आईशी ओळख करून देतो."

ओळख! त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस तरंगत होते.

आमच्यात कुणाच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातानं जात नाहीत. मंदार बोलता बोलता म्हणाला होता, आईला चिंबोऱ्या फार आवडतात. मी आमच्या आईला सांगितलं, ऑफिसातल्या एकाच्या घरी न्यायच्यात. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि एक प्रश्न विचारला नाही. टोपलीतली एकेक चिंबोरी उलटी करून, पोटाशी दाबून, भरलेल्या तेवढ्या निवडल्या. नांग्या सुतळीनं बांधल्या. म्हणाली, "पयल्यांदा जातेस. हलकं न्यायचं न्हाय." वार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

खाली वॉचमननं लिफ्टपाशी अडवलं. "मच्छीवाले सीढी से." मी हसून जिन्यानं गेले. त्या सकाळी मला कशाचाच राग येणार नव्हता.

दार लागल्यावर त्याच जिन्यानं उतरले. पिशवीत चिंबोऱ्यांची खुडखुड चालली होती. रिक्षात बसायच्या आत त्याचा मेसेज. "सॉरी यार. आई एकदम समोर होती, सुचलंच नाही. समजून घे. संध्याकाळी सगळ्यांबरोबर ये ना प्लीज."

घरी आले. आईनं पिशवी पाहिली. तिनं विचारायच्या आत मीच म्हणाले, "आज गुरुवार हाय."

"आगं बाय! माझ्याच ध्यानात न्हाय राहिलं." तिनं कपाळावर हात मारून घेतला. चूक स्वतःच्या पदरात घेतली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, तुझी न्हाय गं चूक. पण सांगायचं तर तो माझा कोण, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि ते मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी गेले. हो, गेले. हाताला लिंबू चोळून, पावडर लावून गेले. का गेले म्हणून जे विचारतात, त्यांनी कधी कुणाला जीव लावला नसेल. पाय ऐकत नाहीत.

केक कापला. पावभाजी आली. मंदारनं एकेकाची ओळख करून दिली. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "आणि ही पण ऑफिसातलीच." झाली ओळख.

त्याच्या आईनं मला ओळखलं नाही. माझ्या प्लेटमध्ये स्वतः पाव वाढला. "तू कुठली गं?"

"गोडदेवची."

"अय्या, म्हणजे आपल्या मावशींच्या गावची!" त्या सगळ्यांकडं वळल्या. "आज सकाळीच एक आली होती. गुरुवारी! चिंबोऱ्या घेऊन दारात उभी. हाय का, हाय का!" मान हलवून, नाकातून आवाज काढून त्यांनी करून दाखवलं. सगळे हसले. बाई मनानं वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो तिच्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं.

तो हसत होता. थोडंसंच. पण हसत होता.

मी प्लेट खाली ठेवली.

"काकू, ती मी होते."

"काय?"

"सकाळची. ती मीच. चिंबोऱ्या इकायला न्हवत्या आनल्या. तुमच्यासाठी आनल्या होत्या. माझ्या आयनं निवडून दिल्या." बोली सुटली होती आणि मी आवरत नव्हते. "आन् मी कोण हाय, ते तुमच्या मुलाला इचारा."

त्यांनी खरंच विचारलं. "मंदार, कोण आहे ही?"

मी थांबले. देवाशपथ सांगते, तेव्हासुद्धा मला आशा होती.

"फ्रेंड आहे गं," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, दात आवळून, "काय सीन करतेस?"

मी चपला घातल्या.

घरी आईनं त्याच चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. मी जेवले. चव कळली नाही. नोकरी सोडायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तो समोरच्याच टेबलावर. जीव लावणं बंद करायला बटण नसतं. मोबाइल दोनदा वाजून थांबला की माझे पाय आपोआप खुर्चीखालून चपला शोधायचे. मी काय करणार होते त्याला?

लोक म्हणतात, आजकालच्या पोरापोरींची नाती टिकत नाहीत, मोबाइलनं वाटोळं केलं. मोबाइल बिचारा काय करणार? ज्या नात्याला आपण नाव देत नाही, त्याला लोक नावं ठेवतात. आमच्या नात्यात जागा रिकामी होती, त्याच्या आईनं तिथं 'मावशी' ठेवली. बिननावाचं राहणं त्याला परवडत होतं. कुणी काही म्हटलं तरी दादरच्या घरातला मंदार तो मंदारच राहणार. माझं तसं नव्हतं. मला नाव नसलं की मी थेट पिशवीवरून ओळखली जाते.

एक दिवस त्यानं ऑफिसच्या जिन्यात गाठलं. "किती दिवस राग धरणार? भेटू ना परत. नावाचं नंतर बघू."

मला रडू येत होतं. हो म्हणावंसं वाटत होतं. हेही सांगते, कारण खरं आहे.

"न्हाय," मी म्हणाले.

सुधारायला म्हणून त्यानं सवयीनं तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

तेव्हापासून, ज्या घरात मी कोण हे आधी सांगितलेलं नाही, त्या घराची बेल मी वाजवत नाही. कितीही जीव तुटला तरी. रविवारी न्हाय. कुठल्याच वारी न्हाय.