एक ओळ खाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा कपाट आवरताना ती वही पुन्हा हाती आली म्हणून.

२००६ साली मी जालन्यात एका पाणलोट प्रकल्पाच्या ऑफिसात होतो. शेतकऱ्यांना पेरणीचा सल्ला द्यायचा, तर गावोगावचा १९८१ पासूनचा रोजचा पाऊस हवा. पण दर गावात पाऊस मोजत कोण बसलंय? म्हणून नकाशावर चौकोनांची जाळी टाकतात आणि दर चौकोनाचा रोजचा पाऊस हिशेबाने काढतात. अशा दोन तयार जाळ्या आमच्यापुढे होत्या, त्यातली एक निवडायची होती. एक जाड — तिच्या एका चौकोनात अख्खा तालुका मावायचा. दुसरी बारीक, चार-दोन गावांना एक चौकोन. जाड जाळी मी सुचवली होती, बारीक वैशालीने. ज्याची जाळी निवडली जाईल त्याच्याकडे पुढचं सगळं काम जाणार होतं.

वैशाली नोकरीत माझ्यामागून आलेली, वयानेही लहान. मी बोलायला लागलो की साहेब कागद चाळत असत. ती बोलायला लागली की चष्मा काढून ऐकत. मला राग यायचा का? नाही हो, राग परवडला. मी जळत होतो. तिचं बरोबर असायचं म्हणून जळत होतो. आणि आता सांगायलाच बसलोय तर — ती कुंभार पिंपळगावच्या बौद्ध वस्तीतली मुलगी, आणि मी हसनाबादचा तीस एकरवाल्याचा मुलगा. हेही त्यात होतं. होतंच.

मग एका शनिवारी, सकाळची नोंद झाल्याझाल्या, तिने गावाहून ती वही आणली. तिचे वडील गावच्या शाळेत गुरुजी. शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र होतं, आणि गुरुजी १९८१ पासून रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मापून वहीत लिहीत आले होते. निवृत्त झाल्यावरही. पाऊस नसेल त्या दिवशी ‘निरंक’. भर मे महिन्यातही रोज एक ‘निरंक’. सगळं ऑफिस त्या वहीभोवती गोळा झालं, आणि मला त्या वहीचासुद्धा हेवा वाटला. आमच्या वडिलांनी मला जमीन दिली, बांधाची भांडणं दिली. असं चार माणसांत उघडून दाखवावं असं काय दिलं?

साहेब म्हणाले, दोन्ही जाळ्या या वहीशी ताडून बघा. बघितल्या. माझी बऱ्यापैकी जुळली. तिची कुठेच जुळेना. वहीत धो धो, तर जाळीत कोरडं. जाळीत पाऊस, तर वहीत निरंक. वैशालीचा चेहरा उतरला. माझ्या मनात काय झालं ते सांगायला नको.

पण खटकत होतं मलाही. दुपारी एकटाच बसलो, तिच्या जाळीच्या आकड्यांची पट्टी कापली, वहीच्या पानावर ठेवली आणि सहज एक ओळ खाली सरकवली. आकड्याला आकडा लागला. पान उलटलं, तिथेही तेच. गुरुजी आज सकाळी मापायचे तो पाऊस बहुतेक कालचा असायचा, आणि ते आजची तारीख टाकायचे — रीतच तशी आहे, सगळीकडे. माझी जाड जाळी अशाच सकाळच्या मापांवरून बनलेली, म्हणून तिच्या तारखा जुळल्या. बारीक जाळीत पाऊस पडला त्याच दिवसाची तारीख होती. एवढंच. एका दिवसाचा फरक. तो काढला तर तिची जाळी माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती.

मी पट्टी चुरगाळून खिशात घातली.

इथवर नुसतं गप्प बसणं होतं. इथेच थांबलो असतो तर? पण संध्याकाळी वैशाली आली आणि म्हणाली, सर, माझं काय चुकतंय? तुम्ही जरा बघता का? माझ्याकडे आली, बघा. आणि मी अगदी आपुलकीने सांगितलं की जाळी चांगलीच आहे, वहीच कच्ची असेल. बरेच जण घरी बसून आकडे भरतात. माझी जाळी जाड, तिच्यात ते खपून जातं. तुझी बारीक, तिच्यात उघडं पडतं.

तिने ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती मला सोबत घेऊन गावी गेली. गुरुजींनी खुर्ची पुसून दिली, चहा आला. मग खाली बघत तिने विचारलं, “आबा, एखाद्या वेळी घरूनच लिवलं का हो आकडे?”

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “न्हाई साहेब. एक बी दिवस न्हाई. ताप आल्ता तव्हा बी मी गेल्तो. हिला बराबर ठाऊक हाय.”

वैशाली कपबश्या उचलून आत गेली. आणि मी? मी म्हणालो, चहा छान झालाय.

जाळी माझी ठरली, काम माझ्याकडे आलं. वैशाली वर्षभरात नोकरी सोडून एका शाळेत शिकवायला लागली. अजून भेटली की ‘सर’ म्हणते. वही ऑफिसातच राहिली. परत न्या म्हटलं तर गुरुजींनी निरोप पाठवला की आता कशाला. शेवटी ती माझ्याच घरच्या कपाटात आली. त्या रविवारनंतर ते यंत्राकडे गेले नाहीत, हे मला तिच्याकडूनच कळलं.

वहीत शनिवारपर्यंतची नोंद आहे. पुढची पानं कोरी. त्याआधी, १९८१ पासून, एकही दिवस चुकलेला नाही. मी ओळ न् ओळ तपासली आहे.