थैलीशाहांचा शिंपी

व्यापारी मंडळाच्या सभागृहाच्या जिन्याखाली मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. मास्तर जन्मभर बसूनच बोलले.

नवा नगरप्रमुख निवडून आला की मंडळ त्याचा सत्कार करी, मंचावर मखमली थैली देई. ती मास्तर शिवत. खरा व्यवहार आधीच बंद दाराआड उरकलेला असे. थैली फक्त गलेलठ्ठ दिसायला हवी, म्हणून मास्तर तिच्यात चिंध्या ठासत आणि तोंड पक्क्या टाक्यांनी शिवून टाकत. टाळ्या चिंध्यांना पडत.

यंदा दुकान काढून तिथे लिफ्ट बसवणार, अशी कुणकुण लागली. शेटलोकांना आता जिना चढवत नव्हता. मास्तरांनी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही घरचेच. मास्तर एवढे विरघळले की यंदाची मखमल त्यांनी पदरची घातली.

"घरच्यांनाच आधी बाहेर काढतात," मास्तरांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवून मास्तरांनी मला विचारलं, थैलीशाह म्हणजे काय? मी त्यांच्या शेजारचा, साहित्य शिकलेला. सांगितलं, थैली म्हणजे पैशाची पिशवी, शाह म्हणजे राजा. निवडून कोणीही येवो, राज्य पिशवीवाल्याचं. हेटाळणीनं म्हणतात, हेही सांगितलं.

हेटाळणी मास्तरांच्या कानापर्यंत पोचलीच नाही.

"म्हणजे माझ्याशिवाय त्यांना नावच नाही की," ते म्हणाले. मी थक्क झालो. माणूस खूश झाला होता.

सत्काराला ते इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. नगरप्रमुखाने थैली दोन्ही हातांनी उचलली, जड असल्यासारखी. मग अध्यक्षांनी लिफ्टला परवानगी मिळाल्याचं जाहीर केलं. मास्तर टाळ्या वाजवत होते. हात थांबायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र हातगाडीवर चढत असताना नगरप्रमुखाचा शिपाई थैली घेऊन आला. बाईसाहेबांना मखमल आवडली होती. आतला कचरा काढून हवा होता.

मास्तरांनी रस्त्यात उभ्याउभ्या टाके उसवले. चिंध्या वर्तमानपत्रात बांधून शिपायाच्या हाती दिल्या. रिकामी थैली घडी करून स्वतःच्या खिशात घातली.

"मखमल माझ्या पदरची. साहेबांचा सत्कार झाला तो या चिंध्यांनी. जपून ठेवा म्हणावं."

शिपाई पुडकं छातीशी धरून गेला. आम्ही गाडी ढकलायला लागलो. मास्तरांची मान अजून वाकलेलीच होती, वर पायरी नसतानाही.