हलकं जाकीट

आमच्या शाळेचा क्लार्क कुठलीही वस्तू आधी तळहातावर तोलतो आणि म्हणतो, "थांबा जरा, सर." मग ते टरबूज असो की माझा रजेचा अर्ज. त्याच्या या संथपणानं माझा जीव जातो.

सुट्टीत आम्ही दोघं अंदमानला जाणार होतो, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायला. गेल्याच उन्हाळ्यात त्यानं मला रेणापूरच्या आपल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. विमानात ओझं नको म्हणून मी पाण्यात घालायचं, हवा भरायचं सगळ्यात हलकं जाकीट मागवलं. त्यानं ते सोयाबीन तोलायच्या काट्यावर ठेवलं. "हलकं तर लई हाय. पण विहिरीत बगू."

खिशांत दगड भरून, जाकीट घालून तो विहिरीच्या पायऱ्या उतरला. डावा हात पाठीमागं करदोड्यात खोचला.

"हे कशाला रे?"

त्यानं जाकिटातली हवा सोडली आणि खाली गेला.

बुडबुडे आले, मग तेही थांबले. मी काठावरून हाका मारत राहिलो. चपला काढल्या, पण उडी मारायचं धाडस होईना.

अखेर तो पायऱ्या धरत वर आला. डोळे लाल, जाकीट अजून अंगातच. धापा टाकत म्हणाला, "परत पाठवा, सर. खाली कुटं अडकलं, तर एका हातानं पट्टा सुटत न्हाई."

"अरे, दोन हात आहेत ना तुला!"

"हाव. पण दुसऱ्या हातात तुम्ही असणार."