गोळी गरम पडते

आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये मांजर आलं ते मुलीच्या कॉलेजच्या बॅगेतून. बॅगेची चेन अर्धीच उघडली होती, मांजराचा एक कान काय तो बाहेर आला होता, आणि मी शिंकलो. नुसता शिंकलो नाही. समोरच्या विंगमधल्या एका बाईंनी खिडकी लावून घेतली.

"बघितलंस?" बायको मुलीला म्हणाली. "तुझ्या बाबांना चालत नाही."

"बाबांना धूळ चालत नाही, उदबत्ती चालत नाही, फोडणी चालत नाही," मुलगी म्हणाली. "ते सगळं ठेवलंयस ना तू घरात?"

बायकोकडे उत्तर नसलं की निकाल असतो. तो तिने तिथेच दिला. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत यांच्या शिंका थांबल्या तर मांजर राहील, नाही थांबल्या तर बेलापूरच्या मावशीकडे जाईल. मावशीकडे कुत्रा आहे. मुलीचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, पण माझ्या तोंडावर रुमाल होता.

खरं सांगायचं तर त्या मांजराने मला पहिल्याच आठवड्यात खिशात टाकलं होतं. मी घरातला कर्ता पुरुष वगैरे, पण महाप्याहून ऑफिस करून आलो की कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, हा अनुभव मला त्या मांजरानेच दिला. तेव्हा शिंका थांबवणं ही आता माझीच गरज होती.

गेलो डॉक्टरीणबाईंकडे. आमच्याच सेक्टरमध्ये त्यांचा दवाखाना आहे. तरुण आहेत आणि मला काका म्हणतात. त्यांनी तपासलं, अ‍ॅलर्जीच आहे म्हणाल्या, आणि रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. मग कशी घ्यायची ते सांगायला लागल्या. "रोज सकाळी एक. फळांच्या रसाबरोबर..." आणि नेमकी मला शिंक आली. एकामागून एक अशी मालिकाच. मालिका संपेपर्यंत त्यांचं वाक्यही संपलं होतं.

"कळलं ना, काका?"

"कळलं," मी म्हणालो. शिंकेत बुडालेलं वाक्य परत सांगा म्हणायला मला आजवर कधीच जमलेलं नाही.

शिवाय जे ऐकलं ते मला पटलंही होतं. फळांच्या रसाबरोबर! बरोबरच आहे. गोळी गरम पडते. हे मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या घरी गोळी म्हटली की ती गरमच पडायची, तापाची असो की जंताची, आणि तिच्यावर काहीतरी थंड घ्यावंच लागायचं. एवढ्या तरुण डॉक्टरीणबाईंना अजून हे ठाऊक आहे, याचं मला कौतुक वाटलं. येता येता मी मोसंबी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेलाभर मोसंबीचा रस आणि त्याबरोबर गोळी. पण उपाशीपोटी मोसंबी मला बाधते. घशाशी जळजळायला लागलं. म्हणजे गोळी गरम पडलीच की! मी रस वाढवला. जळजळ वाढली. मग त्यावर अ‍ॅसिडिटीचं ते गुलाबी औषध दोन चमचे. सकाळचा माझा थाट बघून बायको म्हणाली, "अहो, गोळी घेताय की तिचं हळदीकुंकू करताय?"

एवढा मान देऊनही गोळी ढिम्म हलली नाही. शिंका चालूच. इकडे नवरात्र संपलं, बायको हॉलमधल्या सामानाच्या माळ्याकडे बघायला लागली. आमच्याकडे बायको माळ्याकडे बघायला लागली की दिवाळी जवळ आली असं समजतात. मुलगी रोज संध्याकाळी मला हळूच विचारायची, "बाबा, आज किती?" मी आकडा पाडून सांगायचो. मांजर मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघायचं.

अशात रविवारी सोसायटीची मीटिंग आली. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. त्या नुकत्याच झटकलेल्या असाव्यात, कारण बसल्या बसल्या मी सुरू झालो. माझ्या शेजारी आमचे तळमजल्यावरचे शेजारी होते. मूळचे इथल्याच बोनकोडे गावचे आगरी, मनाने फार मोकळे. मी त्यांच्यासाठी कायमचा 'दादूस'.

"दादूस, येवरा कनाला शिंकतंस?" ते म्हणाले, आणि खिशातून एक पाकीट काढलं. "ही घे. सर्दीची गोली हाय."

"मी एक घेतो रोज सकाळी."

"ती कनची?"

"अ‍ॅलर्जीची."

"मंग? ही सर्दीची हाय."

आता यात चूक काय? अ‍ॅलर्जी वेगळी, सर्दी वेगळी. नावंच वेगळी आहेत. मी गोळी घेतली. या खेपेला मोसंबी जवळ नव्हती, म्हणून पाण्याबरोबर.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण पुढे मी तिथे नव्हतोच. शरीराने खुर्चीत होतो. पाण्याच्या टाकीचा विषय आला तेव्हा डोळे जड झाले होते, लिफ्टच्या विषयात मान डुलायला लागली. मग अध्यक्षांनी विचारलं म्हणे, पार्किंग समितीचं काम कोण बघणार? आमच्या सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी. या समितीत गेलेल्या माणसाशी पुढे जिन्यात कुणी बोलत नाही. तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. फक्त एक माणूस मान डोलवत होता. सावकाश, ठामपणे, पुन्हा पुन्हा.

टाळ्यांनी मला जाग आली. सवयीने मीही टाळ्या वाजवल्या.

"अभिनंदन, दादूस," शेजारी म्हणाले. "येवरी हिंमत कुनात नसतं."

घरी येऊन मी तोंड धुतलं आणि स्कूटरची चावी उचलली. बायकोने महाप्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून काहीतरी आणायला सांगितलं होतं. मुलगी दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, चावी."

"अगं, इथल्या इथे तर जायचंय."

"खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही स्वतःला पार्किंग समितीत टाकलंत. स्कूटर कुठे टाकाल?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. मला एकच मुलगी असून त्या क्षणी दीड दिसत होती. मी चावी दिली.

संध्याकाळी रिक्षाने ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. या वेळी मी नाक आधीच रुमालात धरून बसलो होतो.

"काका, गोळी कशाबरोबर घेता?"

"तुम्ही सांगितलंत तशी. मोसंबीच्या रसाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी म्हटलं होतं, फळांच्या रसाबरोबर घेऊ नका."

'घेऊ नका' शिंकेत गेलं होतं! मी गोळी गरम पडण्याचा विषय काढून बघितला. त्यांनी ऐकून घेतलं, मग शांतपणे सांगितलं की ही गोळी काही गरमबिरम पडत नाही, पण रसाबरोबर घेतली तर ती पोटातून रक्तात नीट उतरतच नाही. आणि ते गुलाबी औषध लगेच वर घेतलं तर उरलीसुरलीही अडते. ते घ्यायचंच झालं तर गोळीपासून दोनेक तास लांब.

"म्हणजे इतके दिवस ही गोळी..."

"मोसंबीला लागू पडली असेल," मुलगी म्हणाली.

मग शेजाऱ्यांच्या गोळीचं निघालं. मुलीने ते पाकीट मागून आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि पहिल्यांदाच जरा कडक झाल्या. "काका, सर्दीच्या गोळीतही अ‍ॅलर्जीचंच औषध असतं. जुन्या प्रकारचं, झोप आणणारं. म्हणजे तुम्ही एकाच कामाची दोन औषधं घेतलीत. वर यात नाक मोकळं करणारं आणखी एक आहे, त्याने बीपी वाढू शकतं. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना?"

"आहे."

"मग विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या खिशातलं काही घ्यायचं नाही. आणि आजच्यासारखी झोप येत असेल तर गाडीला हात लावायचा नाही."

मी मान डोलावली. मुलीने मला ढोसलं. "बाबा, जागे आहात ना?"

मांजराचंही त्यांनी सांगितलं. बेडरूममध्ये झोपायला घ्यायचं नाही, हात लावला की हात धुवायचे. आणि आणखी काही दिवस बघू म्हणाल्या, आता गोळीला तिचं काम करू द्या.

दुसऱ्या सकाळपासून एक गोळी आणि पेलाभर साधं पाणी. इतकं साधं की मला करमेना. पण शिंका हळूहळू विरळ झाल्या. मुलीला मी आता खरा आकडा सांगत होतो.

मग साफसफाईचा दिवस उजाडला. बायकोने डोक्याला फडकं बांधलं, माळ्यावरून जुन्या गाद्या खाली ओढल्या, आणि हॉलमध्ये धुळीचा ढग उठला. मी तोंडाला मास्क लावून स्टूल धरून उभा होतो. मुलगी कोपऱ्यात मांजराला छातीशी धरून माझ्या नाकाकडे बघत होती. बायकोही स्टुलावरून माझ्या नाकाकडेच बघत होती. नाकात जरासं हुळहुळलं. मुलीने डोळे मिटून घेतले. हुळहुळणं गेलं.

आणि शिंक आली. मांजराला.

बायको स्टुलावरून उतरली, तिने मांजराला मुलीच्या हातातून घेतलं, पदराने त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "अगं बाई, हिला धूळ चालत नाही. आत न्या हिला. आणि अहो, हिला तुमच्या त्या गोळीचा पाव तुकडा देऊ का?"

"काही देऊ नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या विंगमधली खिडकी पुन्हा लागली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही!"

"बरं बरं," बायको म्हणाली. "मग संध्याकाळी मावशीला फोन करते."

मुलगी दचकली.

"येऊ नको म्हणून सांगायला. ती कुत्रा घेऊन येणार होती फराळाला."

मांजर राहिलं. रोज संध्याकाळी दारात येऊन उभं राहतं. सोसायटीत सध्या माझं स्वागत करणारं तेवढं एकच आहे. पार्किंग समितीही राहिलीच आहे.