तारीख नसलेला तक्ता

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा बँकेत नोकरीला, पण रविवारी सभांची पोस्टरं चिकटवायला जायचे आणि मला खळ ढवळायला बसवायचे. मैदा आणि पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तार येईपर्यंत शिजवली की कागद फाटेल, पण सुटणार नाही. पत्रक हातात देताना ते आधी तळाची ओळ दाखवायचे : कोणी काढलं, कधी काढलं. "ही ओळ नसेल तर जाब कोणाला विचारणार?"

आई हातोदच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या कॉलनीच्या स्टॉपवरून तिची बस सात चाळीसला. स्टॉपवरच्या पत्र्यावर तसं छापलेलंच होतं. एका सोमवारी ती सात पस्तीसला पोचली, तर बस सात वीसलाच निघून गेलेली. त्या वर्षातला तिचा हा दुसरा उशीर. तिसरा झाला तर लेखी जबाब द्यावा लागेल, आणि मानपूरला बदलीही होऊ शकते, असं दवाखान्यातल्या साहेबांनी तिला सांगितलं. मानपूर म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्याही पुढे, दोन बस बदलून.

मी तडक बसच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने चहाचा कप बाजूला सरकवला.

"भिया, ऐप पे तो डाल दिया था."

"और बोर्ड पे जो लगा है?"

"वो तो पुराना है."

"उस पे तारीख कहाँ है? आदमी को कैसे पता चले कि पुराना है?"

"अरे, सबको पता है."

त्या 'सबको'मध्ये माझी आई नव्हती. परत येताना भंवरकुआं चौकाच्या गर्दीत उभ्यानेच मी मनात मजकूर जुळवत होतो. संध्याकाळी खळ शिजवली, जाड मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं : हातोद, सुबह सात बीस. जुन्या तक्त्यावर तो कागद असा चिकटवला की एकही कोपरा उचलला जाणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "अच्छा किया, बेटा." मला फार बरं वाटलं. आजही त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

तीन आठवडे आई त्या कागदाच्या भरवशावर गेली. मग चार दिवस रजेवर होती आणि त्याच चार दिवसांत वेळ पुन्हा बदलली, सात दहा झाली. पाचव्या दिवशी ती सात पंधराला स्टॉपवर पोचली. माझा कागद ठणठणीत होता. बस गेलेली होती.

घरी आल्यावर तिने सांगितलं, तिसरा उशीर झाला. मी स्टॉपवर पळालो. तेव्हा कुठे दिसलं : रागाच्या भरात मी तळाची ओळच लिहिली नव्हती. ना तारीख, ना नाव. ऑफिसला ज्यावरून सुनावून आलो होतो, तेच मी केलं होतं. नखाने खरवडलं, चावीने खरवडलं. 'सात'चा काना निघाला, बाकी काही नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "खळ मात्र जमलीय हं तुला."

आई जेवणाच्या टेबलावर जबाब लिहायला बसली. मी मागून वाचत होतो. 'बसची वेळ बदलली होती. स्टॉपवर माझ्या मुलाने लावलेला जुना कागद होता. मी त्यावर विश्वास ठेवला.'

"हे कशाला?" मी म्हणालो. "ऑफिसचं लिही ना. चूक त्यांची आहे."

"त्यांची आहेच. तेही लिहीन."

"मग माझं काढून टाक."

"का रे? दुसऱ्यांना जाब विचारायचा, आणि आपली पाळी आली की खोडायचं?" तिने खाली सही केली, सहीखाली तारीख घातली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्या जबाबाचं उत्तर अजून आलेलं नाही. टपाल आलं की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघतो. दर रविवारी मी त्या खिडकीपाशी जातो आणि वेळ विचारतो. माणूस आता मला बघून आधीच म्हणतो, "वही है, भिया, नहीं बदला." तरी मी नवा कागद लिहितो. तळाशी तारीख, माझं नाव. खळ मुद्दाम कच्ची ठेवतो, एका ओढीत निघेल अशी. सोमवारी सातलाच आईबरोबर स्टॉपवर उभा राहतो, आणि दहा मिनिटं रस्त्यावरून नजर हलवत नाही.