नानांच्या घरी शेवग्याला बंदी

जगात जेवणाचे बेत चवीवर ठरतात, हवेवर ठरतात, कुठे कुठे नवऱ्याचं तोंड बघून ठरतात. पण खायला किती मिनिटं लागतात यावर बेत ठरवणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका सुरतेच्या नवागामात, आमच्या भिंतीला भिंत लावून ठेवला. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. धुळ्याकडचे, लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मास्तर, मिशी कडक. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दर रविवारी आंघोळ उरकली की नाना खडू घेऊन दारामागे आठवड्याची रात्रीची जेवणं लिहून काढायचे आणि प्रत्येकापुढे मिनिटं टाकायचे. खिचडी सात. पिठलं-भाकरी अकरा. शेवभाजी चौदा, "तर्री निवायची तीन धरून." वरण-बट्टी पंचवीस, म्हणून बाद! खानदेशी माणसाने बट्टी बाद करावी? पण केली.

सुरतेत त्यांना साक्षात्कार झाला तो लोचोचा, म्हणजे तिथल्या वाफवलेल्या मऊ डाळीच्या फराळाचा. "ताई, दातांना कामच नाही! चार मिनिटं!" म्हणत त्यांनी ओळीने पाच संध्याकाळी घराला लोचोच जेवू घातला. सहाव्या दिवशी माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लाटणं आपटलं तेव्हा कुठे खिचडी परत आली. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले आणि गरम भाकरी मागितली, तर म्हणतात कसे, "थंडच घ्या ना. फुंकण्यात दोन मिनिटं जातात." कपाळ माझं!

मग एकदा माझ्या दारच्या शेवग्याच्या शेंगांची आमटी मी मोठ्या हौसेने नेऊन दिली. पातेली जशीच्या तशी परत. "एका शेंगेला दीड मिनिट, ताई. सहा शेंगा म्हणजे नऊ. नाही परवडत." माझं डोकंच फिरलं. "नाना, तुमच्याकडे माणसं जेवतात की लूम चालतात?" असं मी सगळी गल्ली ऐकेल एवढ्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासातच्या आधी माईंनी मला हाताला धरून नेलं आणि स्टोव्हपाशी बसवलं.

सव्वासातला नाना दिवसपाळीहून आले. त्यांचा एकुलता एक पोरगा दुसऱ्या खात्यात रातपाळीला, तो सात पस्तीसला निघणार. सुटीचे वारसुद्धा दोघांचे वेगळे. बापलेक एकमेकांना दिसायचे ते एवढी वीस मिनिटं. सात मिनिटांत खिचडीची ताटं चाटूनपुसून साफ झाली, आणि पुढची तेरा मिनिटं उष्टे हात ताटात वाळवत दोघे नुसते खिदळत होते. पोरगा शेठच्या चालण्याची नक्कल करत होता आणि आमचे कडक नाना डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होते. मला माझ्या जिभेची इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

पुढे पोराला सुरतेच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला कंपनीत काम लागलं, राहायचंही तिकडेच. रातपाळी सुटली. निघायच्या आदल्या दुपारी खाडा करून नाना माझ्या दारात उभे.

"ताई, शेंगा शेतस का?"

"किती हव्यात?"

"झाडवर जितल्या शेतस तितल्या."

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे वरण-बट्टी झाली, वर शेंगांची आमटी. भिंतीपलीकडून नानांचा आवाज येत होता, "कसाले घाई करस? चघळ ना निवांत!" आमची जेवणं, भांडी सगळं आवरलं तरी त्यांच्याकडे शेंगा चालूच होत्या.

त्यानंतर दारामागे नुसती खिचडीच दिसायची, पुढे मिनिटं नाहीत. नाना सव्वासातला यायचे, पटकन जेवायचे आणि उष्टा हात ताटात ठेवून बसून राहायचे. माई ताट उचलायला वाकल्या की म्हणायचे, "थांब गं, अजून सात पस्तीस नाही झाले."