हवाबंद नंदादीप

बाबांचा हात लागला की वस्तू हवाबंद व्हायची. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात टाक्यांच्या जोडांतून हवा गळते का, हे तपासणं हे त्यांचं काम, आणि ते घरी आणायची त्यांना भारी हौस. आमच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजारच्यांना हाक मारावी लागे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. आदल्या वर्षी आईचं तान्हं बाळ गेलं होतं आणि आता तिला पुन्हा सातवा महिना होता. यंदा नवरात्रात नंदादीप विझला नाही तर हे बाळ जगेल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. क्वार्टर्सच्या खिडक्यांतून वारा भणाणत येई. ती दिव्यापासून हलेना, तेव्हा बाबांनी त्याला काचेची पेटी केली. कडांना रबराची पट्टी, वर घट्ट झाकण.

पेटी बसवली त्या संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी निवांत जेवली. हात धुऊन येते तो ज्योत लालसर, एवढीशी झालेली. आमच्या डोळ्यांदेखत ती गेली. आईने पेटीवर दोन्ही हात ठेवले. "माझं बाळ," एवढंच म्हणाली.

मी धावत शेजारच्या अक्कांना बोलावलं. त्या बेळगावकडच्या. त्यांनी आईला जवळ घेतलं. "अय्यो, रडतीस कशाला ग? सकाळी तुझ्याच दिव्यावरनं मी माझा लावलाय की. स्वल्प थांब, आणते." पदराआड दिवा धरून त्या आल्या आणि आमची वात लावली. "सरी? झालं की ठीक? विझला कुठं? माझ्याकडं राहायला आला होता."

आई रडता रडता हसली. त्या एका वाक्याचे उपकार आमचं घर कधी विसरलं नाही.

बाबा मात्र ओशाळले होते. "दिवा प्राणवायू खातो, कर्बवायू सोडतो. पेटी बंद, मग तो जाणार कुठे?" एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, की जगभरच्या कारखान्यांच्या चिमण्या हाच वायू हवेत सोडताहेत. तो जमिनीची उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे पृथ्वी हळूहळू तापत जाईल.

"पृथ्वीचं मागाहून बघा," आई म्हणाली. "आधी या पेटीला भोकं पाडा."

बाबांनी निमूटपणे पाडली. पौषात बहीण झाली, आणि आईने तिला सगळ्यांत आधी अक्कांच्या मांडीवर ठेवलं.

बहीण अजून बंगळूरलाच असते. उन्हाळ्यात फोन करते आणि जिथे तेव्हा पंखा लागतच नसे तिथे आता पंख्याशिवाय बसवत नाही म्हणून कुरकुरते. तिचा आवाज ऐकला की मी मनोमन अक्कांना हात जोडते. मग बाबांची ती पृथ्वी आठवते. तिला शेजारीण नाही.